मागचा आस

अण्णा २०१६ साली गेले, तेव्हा त्यांच्या मागे वाटणी करण्याजोगे फारसे काही नव्हते. पाटण तालुक्यात डोंगराच्या कुशीला साडेचार एकर जमीन, तीतही निम्मे धोंडे. एक कौलारू घर. आणि १९६४ सालची एक जीपगाडी. जमिनीवरून किंवा घरावरून आम्हा दोघा भावांत एका शब्दाचाही वाद झाला नाही. धाकटा गावी राहून शेती करतो, मी शहरात कॉलेजातल्या मुलांना मराठी शिकवतो. ज्याचे हात मातीत त्याची माती, हे आमच्यात न बोलताच ठरून गेले होते. वाद झाला तो जीपवरून, तोही अण्णांना जाऊन आठ वर्षे झाल्यावर, आणि तोही अवघ्या तीन इंचांवरून.

२०२४ च्या भाद्रपदात धाकट्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, “दादा, गाडीचा मागचा अॅक्सल जरा मागं घ्यायचा म्हणतोय.”

मला आधी कळलेच नाही. अॅक्सल म्हणजे आस. मराठीत आस शब्दाचे दोन अर्थ. एक स्त्रीलिंगी, जिच्यावर माणूस जगतो, आणि दुसरा पुल्लिंगी, ज्याच्यावर गाडी चालते. पहिली पुढेमागे होत असते हे मला ठाऊक होते, दुसराही सरकवता येतो हे ठाऊक नव्हते. मी विचारले, “का बरे? मोडलाय का?”

“मोडला न्हाई. पण श्रावणात गाडी उभी राहिली.”

“बंद पडली?”

“बंद न्हाई रे. उभी राहिली. घोड्यावानी.”

मग त्याने सगळे सांगितले. आमच्या घरामागून वरच्या शेताकडे एक वाट जाते. ती वाट कोणी बांधलेली नाही. गुरांनी, पावसाने आणि अण्णांच्या जीपने मिळून ती केली आहे. मधे एक टेकाड लागते. त्या चढावर बैलगाडी जात नाही, ट्रॅक्टर ट्रॉलीसकट जायला कुरकुरतो, जीप मात्र जाते. त्या दिवशी मागे आल्याच्या बियाण्याची पोती होती आणि पोत्यांवर धाकट्याची बारा वर्षांची मुलगी बसली होती. चढाच्या वरच्या टोकाला मागची चाके एका खडकाला भिडली, धाकट्याने नेहमीप्रमाणे थोडा जोर दिला, आणि समोरचा डोंगर एकाएकी काचेतून नाहीसा होऊन तिथे नुसते आभाळ दिसू लागले. पुढची दोन्ही चाके हातभर उचलली गेली होती. हातात स्टिअरिंग होते, पण ते कशालाच बांधलेले नसावे तसे हलके. त्याने पाय सावकाश सैल सोडला. गाडी क्षणभर तशीच राहिली आणि मग दाणकन खाली आली. पुढे तो रिव्हर्स गिअरमध्ये, चाके सरळ ठेवून, इंच इंच करीत सगळा चढ उलटा उतरला. मुलीला काही लागले नाही. तिला तर मोठी मौज वाटली. पण घरी येऊन तिने ती मौज आईला सांगितली, आणि त्या दिवसापासून धाकट्याच्या बायकोने त्या गाडीत मूल बसवायचे नाही असे सांगून टाकले. तिने एवढे एकच वाक्य उच्चारले आणि महिनाभर त्या विषयावर अवाक्षर काढले नाही. ज्यांचे लग्न झाले आहे त्यांना अशा एका वाक्याचे वजन सांगायला नको.

आता ही गाडी अशी का वागते, हे पुढे मला मिस्त्रीने समजावून दिले. ते मी माझ्या शब्दांत सांगतो. माणूस चढ चढताना पुढे वाकतो. पाठीवर ओझे असेल तर अधिकच वाकतो, कारण न वाकला तर ओझे त्याला मागे ओढील हे त्याच्या अंगालाच कळते. गाडीला वाकता येत नाही. तिचे वजन चढावर मागच्या चाकांकडे झुकत जाते, आणि ते मागच्या चाकांच्या पलीकडे गेले की गाडी उताणी. त्यात इंजिन मागचे चाक पुढे फिरवायला बघते आणि चाक अडले की तोच जोर गाडीचे नाक वर उचलायला लागतो. मागचा आस जितका मागे तितके वजन त्याच्या पुढे राहते आणि नाक जमिनीला धरून असते. आमच्या जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर ८० इंच. म्हणजे दोन्ही आसांच्या मधे एक उंच माणूस आडवा झोपला तर संपले.

हे ८० इंच आले कोठून? १९४० साली अमेरिकी सैन्याला एक हलकी टेहळणीची गाडी तातडीने हवी होती. त्यांनी कारखानदारांना पहिला नमुना करून देण्यासाठी ४९ दिवसांची मुदत दिली. ती पाळली बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने. पण मोठ्या संख्येने गाड्या बांधायचे काम गेले विलीज आणि फोर्ड यांच्याकडे, आणि महायुद्ध संपेतो दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा बाहेर काढल्या. सैन्याला गाडी आखूड हवी होती. लपायला, वळायला, चार जवानांनी उचलून चिखलातून काढायला. चार माणसे उचलू शकतील अशी गाडी डोंगर चढताना स्वतःच उचलली जाणार, हा त्याच गुणाचा दुसरा पदर. आल्याची पोती वाहण्याचा विचार त्या घाईत कोणाच्या डोक्यात येणार? युद्धानंतर त्याच जीपला नांगर जोडून शेतकऱ्याची गाडी म्हणून विकायला सुरुवात झाली. आपल्याकडे महिंद्रांनी १९४९ साली मुंबईत माझगावला तिची जोडणी सुरू केली. आमची जीप त्यातलीच, उंच बॉनेटची. विलीजने १९५३ साली जे नवे इंजिन तीत घातले ते डोक्याने उंच होते, म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. गाडीचे कपाळ तेवढे वाढले, पण आसांमधले अंतर तेच राहिले. अमेरिकेत ही जात १९६८ साली बंद झाली, आपल्याकडे त्यानंतरही वर्षानुवर्षे निघत होती. पुढे महिंद्रांनीच ९१ इंची जीपा काढल्या, त्या काही उगाच नव्हे.

धाकट्याच्या मनात आधी ते ९१ च होते. पण मिस्त्रीने त्याला सांगितले की त्यासाठी चॅसिस कापावी लागेल, पत्रा कापावा लागेल, आणि मग त्यापेक्षा दुसरी गाडी घेतलेली काय वाईट? शेवटी तीन इंचांवर ठरले.

फोनवर मी ‘बरे’ म्हणालो, पण मनातून मला ते रुचले नव्हते. त्याचे कारण सांगायला हवे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नवे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेली दुचाकी वा चारचाकी असेल तर तिची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते, तिला वेगळा क्रमांक मिळतो, वीस हजार रुपये फी भरली की दहा वर्षे पाहावे लागत नाही. मी हे वर्तमानपत्रात वाचले तेव्हापासून माझ्या मनात एक चित्र तयार झाले होते. अण्णांची जीप झाडूनपुसून, हिरवा रंग देऊन उभी केलेली. दरवर्षी एखाद्या मेळाव्याला न्यायची. लोक विचारतील, कोणाची हो? मी सांगीन, माझ्या वडिलांची. परंतु या नियमांत दोन अटी आहेत. गाडी मूळ स्थितीत असली पाहिजे. चॅसिसमध्ये, सांगाड्यात वा इंजिनात फेरफार झालेला चालत नाही. आणि तिचा रोजच्या कामासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर उपयोग करता येत नाही. पहिली अट धाकटा मोडायला निघाला होता, आणि दुसरी पाळली तर त्याचे आले डोक्यावरून वाहावे लागणार होते. हे मला त्या वेळी दिसत नव्हते असे नाही. दिसत होते, पण मी तिकडे पाहत नव्हतो.

दिवाळीच्या सुटीत गावी गेलो तो हा विषय काढायचाच असे ठरवून. पहिल्याच रात्री जेवताना काढला. नियम सांगितले, मेळाव्याचे सांगितले. धाकटा निमूटपणे भाकरी मोडत होता. म्हणाला, “म्हंजे गाडी ठेवायची, पण चालवायची न्हाई.”

“चालवायची. पण जपून. अण्णांची आठवण आहे ती.”

“अण्णांनी तिच्यातनं शेणखत वाह्यलंय, दादा.”

यावर मला उत्तर सुचेना. मी आईकडे पाहिले. ती म्हणाली, “मला काय विचारता? तुमच्या बापानं गाडी आणली तवा मला विचारलं न्हवतं.” आणि उठून ताक आणायला गेली.

खरे सांगायचे तर एक मुद्दा माझ्या हातात होता आणि तो नुसत्या भावनेचा नव्हता. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या दाखल्यात लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा बजावले आहे. आसांमधले अंतर हा त्या दाखल्यातलाच तपशील. आमच्या दाखल्यावर २०३२ मिलिमीटर असे लिहिले आहे, म्हणजे बरोबर ८० इंच. मी हे सांगितल्यावर धाकटा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “डांबरी रस्त्याला न्हाई न्यायची तिला. बाजाराला पिकअप हाय. ही घरापासून वरच्या शेतापर्यंत. सगळी आपली जमीन. मिस्त्रीलाच हितं बोलावतो.” म्हणजे त्याने विचार करून ठेवला होता. माझ्याआधी, आणि माझ्यापेक्षा जास्त.

वसुबारसेच्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. साठीचा, पांढरी दाढी, खिशात फूटपट्टी आणि कानावर पेन्सिल. हा जन्मभर जीपा दुरुस्त करीत आलेला माणूस. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिले आणि मला म्हणाला, “सर, हिच्यात न समजण्यासारखं काय न्हाई. वर चॅसिस, चॅसिसला लटकलेले पाटे, पाट्यांवर बसलेला हौसिंग. पाटे जितं, हौसिंग तितं. पाट्याचं पुढचं टोक एका पिनीत पक्कं, मागचं टोक शॅकलमदी झुलतं. का? पाटा दबला की लांब व्हतो, त्येला जागा नको व्हय? आपल्याला दोन्ही टोकांचे ब्रॅकेट उचलून तीन तीन इंच मागं न्यायचे. बास.”

‘बास’ म्हणण्याइतके ते सोपे नव्हते. आस मागे गेला की इंजिनाकडून त्याला जोर पोहोचवणारा प्रॉपेलर शाफ्ट तोकडा पडतो. त्याच्यात दातेरी सांधा असतो, तो थोडा आतबाहेर होतो. पण तो खालीवर होणाऱ्या आसाच्या हालचालीसाठी ठेवलेला. तोच ताणून वापरला तर एखाद्या खड्ड्यात शाफ्ट निखळून पडेल. म्हणून नवी नळी घालून शाफ्ट लांब करावा लागतो, आणि तो लेथवर सरळ धरूनच जोडावा लागतो. दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत हवेत, नाही तर गाडी थरथरते. आसाला जाणारी ब्रेकची रबरी नळी लांब हवी. चाक मागे गेले की ते पत्र्याला घासणार, म्हणून मागच्या बाजूने पत्रा चार बोटे कापायचा. मिस्त्रीने त्या दिवशी फक्त शाफ्ट सोडवला आणि तो तालुक्याच्या गावी लेथवाल्याकडे घेऊन गेला. जाताना गाडीच्या मागच्या चाकाला एक मोठा धोंडा लावून गेला.

संध्याकाळी आई म्हणाली, “तो धोंडा तेवढा हलव. तुळशीपुढं रांगोळी घालायचीय.” मी पाहिले, हँडब्रेक वर ओढलेला होता. चांगला घट्ट. मी धोंडा काढला.

या जीपचा हँडब्रेक चाकांवर लागत नाही. तो लागतो गिअरपेटीच्या मागे, जिथून शाफ्ट निघतो तिथल्या एका ड्रमवर. शाफ्ट जागेवर असला तर तो थांबला की चाके थांबली. शाफ्टच नसेल तर हँडब्रेक ओढणे म्हणजे दोरी तुटलेल्या बैलाचा कासरा ओढणे. हे ज्ञान मला झाले तेव्हा जीप अंगणातून सावकाश मागे निघाली होती. घाई अजिबात नाही. जुन्या काळचे पाहुणे उठून निघावेत तशी. मी पुढे धावून बंपर धरला. म्हणजे तिच्याबरोबर चालत गेलो एवढेच. ती तुळशीला वळसा घालून, आईच्या रांगोळीच्या डब्यावरून, खालच्या गवताच्या गंजीत जाऊन टेकली आणि थांबली. पुतणी टाळ्या पिटत होती. धाकटा ओसरीवर उभा राहून पाहत होता. तो हसला नाही, हे मी त्याचे उपकार मानतो. दुसऱ्या दिवशी मिस्त्री मात्र हसला. “निदान पुढच्या चाकांचा गिअर टाकून ठेवायचा, सर. पुढचा शाफ्ट हाय अजून जाग्यावर.” आणि मग धाकट्याला हळूच, पण मला ऐकू येईल असे म्हणाला, “शिकलेल्या मानसाला हँडब्रेकवर फार भरवसा.”

नरकचतुर्दशीला काम थांबले. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीज आटोपून, गाडी ठोकळ्यांवर चढवली. आस सोडवण्याआधी मिस्त्री म्हणाला, “आदी माप घ्यायचं. सर, तुमी धरा टेपचं टोक.” मी पुढच्या चाकाच्या मध्यावर टेप धरला, तो मागच्या चाकाशी बसला. डावी बाजू मापली. ८०¾ इंच. तो काही बोलला नाही. उजवी मापली. ८१¼.

“परत धरा,” तो म्हणाला. पुन्हा तेच.

मी म्हणालो, “ऐंशी हवेत ना?”

“ऐंशीच हवेत. दोनी बाजूला.”

त्याने चाके काढली, यू-बोल्ट कापले, आस पाट्यांपासून मोकळा केला आणि तो उलटा करून रॉकेलने धुतला. आसाच्या नळीखाली दोन्ही बाजूंना पाट्यावर बसणारी एक एक बैठक असते. तिच्या मधोमध एक भोक. पाट्याच्या मधल्या बोल्टचे डोके त्यात बसते, म्हणून आस पाट्यावर सरकत नाही. प्रत्येक बैठकीत एकच भोक असायला हवे. इथे दोन होती. मधले, यंत्राने पाडलेले, गोल. आणि त्याच्या पुढे हाताने पाडलेले, कडेला जरा ओबडधोबड. डाव्या बाजूला पाऊण इंच पुढे, उजव्या बाजूला सव्वा इंच. भोक पुढे घेतले म्हणजे आस मागे जातो. मिस्त्रीने त्या दुसऱ्या भोकात करंगळी घालून फिरवली.

“ह्यो कुनीतरी आदीच मागं घेतलाय,” तो म्हणाला. “घाईत घेतलाय. दोनी बाजू सारक्या न्हाईत. पन घेतलाय.”

आम्ही दोघे भाऊ त्या भोकांकडे पाहत राहिलो. १९८४ साली एका सरकारी खात्याच्या लिलावात अण्णांनी ही गाडी घेतली. त्याआधीच कोणी हे केले असेल, असे मी म्हणालो. आई ओसरीवर वाती वळत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, “कऱ्हाडला नेली हुती की.”

“कोणी? कधी?”

“ह्येंनीच. गाडी घेतल्याच्या दुसऱ्या साली. भाताची पोती घिऊन वर चालले हुते, तवा तितंच, त्या टेकाडावरच, गाडी अशी वर झाली. मी बाजूला बसलेली. मंग महिनाभर मी तिच्यात पाय ठेवला न्हाई. मंग कऱ्हाडला नेली आन् कायतरी करून आणली. काय केलं ते कोन सांगतंय? बसा आता म्हनाले, बसले.”

चाळीस वर्षे ही गोष्ट तिने सांगितली नव्हती, कारण कोणी विचारली नव्हती.

पण मला त्या क्षणी आठवले ते वेगळेच. अण्णा गाडी चालवायला बसले की त्यांचा उजवा हात नेहमी डाव्यापेक्षा दोन बोटे खाली असायचा. सरळ रस्त्यावरसुद्धा. स्टिअरिंग जरासे उजवीकडे वळवलेले आणि गाडी मात्र सरळ चाललेली. आम्हाला ती त्यांची ऐट वाटे. धाकटा गाडी शिकला तो तसाच हात धरून. लहानपणी पावसाळ्यात आम्ही गाडीच्या चाकोऱ्यांतून चालायचो. मागच्या चाकांचा ठसा पुढच्यांच्या ठशावर कधी नेमका पडत नसे, बोटभर उजवीकडे असे. सगळ्या जीपांचे असेच असते असे आम्ही समजत होतो. मिस्त्रीला सांगितले तेव्हा त्याने मान डोलावली. उजवे चाक अर्धा इंच मागे राहिले तर आस तिरका, आस तिरका तर गाडी खेकड्यासारखी किंचित आडवी चालणार, आणि तिला सरळ न्यायची तर पुढची चाकेही तेवढीच तिरकी धरावी लागणार. म्हणजे जी मी इतकी वर्षे अण्णांची ऐट समजत होतो ती कऱ्हाडच्या कोणा मिस्त्रीची अर्ध्या इंचाची चूक होती.

मी वर्गात पाठभेद शिकवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण हाताहाताने उतरत आलेल्या पोथ्यांत भलतेच शब्द शिरले होते. आणि तरीही मूळ शब्द कोणता यावर विद्वान आजही भांडतात. मुलांना हे सांगताना मला नेहमी वाटे की मूळ प्रत कोठेतरी आहेच, आपल्याला सापडत नाही इतकेच. जीपच्या बाबतीत ती माझ्या घरात, माझ्या अंगणात उभी आहे अशी माझी खात्री होती. व्हिंटेजच्या अर्जासाठी आणलेले कागद माझ्या पिशवीत होते. गाडीत फेरफार झालेला नाही असे आता मी कोणत्या तोंडाने लिहून देणार होतो? रात्री ते कागद काढून पाहिले आणि परत ठेवले. धाकट्याने पाहिले असावे. म्हणाला, “दादा, तुला नको असंल तर अजून थांबवू. अॅक्सल हाय तिथं बसवून देतो.”

“कोणत्या भोकात?” मी विचारले.

तो हसला. मग मीही हसलो.

पुढचे काम चार दिवस चालले. ते सगळे सांगत बसत नाही. ब्रॅकेटांच्या रिबिटी छिनीने तोडताना जो आवाज होतो तो ऐकून मात्र मी घरात गेलो. साठ वर्षांची रिबिट सहजासहजी सुटत नाही. मागचे ब्रॅकेट चॅसिसच्या शेवटच्या आडव्या तुळईला जाऊन भिडले, म्हणजे तीन इंच हीच हद्द. मिस्त्रीने नवी भोके पाडून जाड बोल्ट घातले, वेल्डिंगवर भरवसा ठेवला नाही. आस त्याने मधल्या, मूळच्या भोकांतच बसवला. अण्णांची दोन भोके मोकळी राहिली. “बुजवू का?” त्याने विचारले. धाकटा माझ्याकडे बघू लागला. मी नको म्हणालो. मिस्त्रीला त्याचे नवल वाटले असावे, पण त्यात चिखल भरेल एवढेच तो म्हणाला.

यू-बोल्ट आवळण्याआधी त्याने पुन्हा टेप काढला आणि टोक पुन्हा माझ्या हातात दिले. डावी ८३. उजवी ८३ ला एक सूत कमी. त्याने हातोड्याने ब्रॅकेटच्या कडेला दोन टोले दिले, पुन्हा मापले. ८३. ब्रेकची हवा काढताना पेडल दाबायचे काम माझ्याकडे होते. त्या दिवसांतले माझे एवढेच एक काम कोणी नावाजले.

नफ्याबरोबर तोटाही आला. वरच्या शेताच्या तोंडाशी करवंदीच्या जाळीपाशी जे वळण आहे ते अण्णा एका दमात घेत; आता गाडीला एकदा मागे घ्यावे लागते. बांध ओलांडताना पोट जरा लवकर टेकते. पण शेपूट आखूड झाल्यामुळे ओढ्यातून वर येताना मागचा पत्रा जमिनीत खुपसायचा, तो आता खुपसत नाही. मिस्त्रीने निघताना बजावले की तीन इंचांनी डोंगर सपाट होत नाही. ओझे पुढे ठेवायचे, सीटला टेकून, आणि चढावर जोर करायचा नाही.

माझ्या सुटीच्या शेवटच्या दिवशी टेकाडाची परीक्षा झाली. पोती तेवढीच, पण पुढे सरकवून बांधलेली. मुलीला बसवले नव्हते. ती आईबरोबर चढाच्या खाली उभी होती. मी धाकट्याच्या शेजारी बसलो. आई ओसरीच्या खांबाला धरून पाहत होती. गाडी सुरू झाली, अंगण ओलांडून वाटेला लागली आणि लागताच उजवीकडे बांधाकडे वळू लागली. धाकट्याने ती सावरली. दहा पावलांवर पुन्हा उजवीकडे. तो मिस्त्रीला शिवी हासडणार एवढ्यात माझे लक्ष त्याच्या हातांकडे गेले. उजवा हात डाव्यापेक्षा दोन बोटे खाली होता.

“हात सरळ धर,” मी म्हणालो.

“सरळच हाय.”

“बघ.”

त्याने पाहिले. पाय ब्रेकवर गेला. इंजिन तसेच चालू होते. मग त्याने उजवा हात दोन बोटे वर घेतला, डावा तेवढाच खाली, आणि गाडी चढाकडे काढली.